मधमाश्यांचं हजेरीबुक

दौंड
८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना सुलक्षणाचा नमस्कार,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिणं तुम्हाला पोरकटपणाचं वाटतं, म्हणून भाचीनं पुन्हा शाईपेन विकत घेतलंय. पत्र बाळासो कंडक्टरच्या हाती देतेय. न्हावऱ्याच्या स्टँडवर तो हाक मारेल, ती तुम्हाला ऐकू जाणार नाही, तेव्हा मामीलाच उभं करा.

काम असं आहे. सातवीला इंग्रजी उपमा शिकवायच्या आहेत. मोरासारखा गर्विष्ठ, कोल्ह्यासारखा लबाड, हे पोरांना लगेच कळलं. गाडी अडली मधमाशीवर. ज्याला क्षणाची उसंत नाही, जो सदानकदा कामात असतो, त्याला इंग्रज म्हणतात 'अ‍ॅज बिझी अ‍ॅज अ बी'. माझी निम्मी पोरं रेल्वे क्वार्टर्समधली, निम्म्यांचे वडील कुरकुंभच्या कारखान्यांत शिफ्टला. त्यांनी मध पाहिलाय तो बाटलीत.

मामी सांगत होती की तुम्ही कांद्यात मधमाश्यांच्या तीन पेट्या आणून ठेवल्यात. मग एक दिवस शेजारी बसा, माशी काय काय काम करते ते बघा आणि वीस ओळी लिहून पाठवा. वर्गात तुमच्या नावानं वाचून दाखवेन. चोवीस वर्षं कंपनीच्या गेटवर माणसांची हजेरी घेतलीत, आता माश्यांची घ्या.

तुमची
सुलक्षणा

---

न्हावरे
१२ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.४०

चि. सुलक्षणा हिस मामाचे आशीर्वाद.

पत्र मिळाले. काम हाती घेतले आहे.

आधी पेट्या का आणल्या ते पोरांना सांग, म्हणजे त्यांना गांभीर्य कळेल. तुझ्या आजीचा, बयाबाईचा कांदा तुला ठाऊक आहे. लाल, जरा चपटा, दिवाळीपर्यंत कांदाचाळीत टिकणारा. ती गेली तरी आम्ही बी मोडलं नाही. पण मागची दोन वर्षं अवकाळीनं फुलांचे गोंडे झोडपले, बी जेमतेम हाती आलं. कांद्याचं बी वर्षभरात मरतं, साठवून ठेवायची सोय नाही. या खेपेला निवडून ठेवलेले कांदे दोन गुंठ्यांत लावले, त्यांना आता पांढरे गोंडे आलेत. यात बी धरलं तर आजीचा कांदा राहिला, नाही तर संपला. दुसरीकडे कुठं तो नाही, मी विचारून आलो आहे. आणि बी धरायला माशी लागते. आजूबाजूला सगळे फवारे मारतात, त्यामुळे रानातली माशी राहिलेली नाही. म्हणून पाटसच्या करिश्माकडून पेट्या भाड्यानं आणल्या. ही बाई फुलोऱ्याच्या मागं पेट्या घेऊन तालुके फिरते. जाताना तिनं बजावलं की पेटीला हात लावायचा नाही, लांबून बघायचं.

मी लांबून बघितलं. दारातून माशी जाते, येते, पाय पिवळे करून येते. खाडा नाही, चहापाणी नाही. असे कामगार मला चोवीस वर्षांत मिळाले नाहीत.

पण नुसतं दाराशी बसून हजेरी होत नाही. म्हणून काल दोन नंबर पेटीचं झाकण थोडं उचललं. सुलक्षणा, आत हजारोंनी माश्या नुसत्या बसलेल्या. मी निवडणुकीतला उरलेला गुलाल चिमूटभर त्यांच्यावर टाकला आणि सात ते बारा दाराशी वही घेऊन बसलो. पाच तासांत गुलालाची एकही माशी कामावर बाहेर पडली नाही.

तुझ्या पुस्तकात खरं काय लिहिलंय ते नीट बघून कळव. उत्तर परतीच्या गाडीनं हवं, उशीर चालणार नाही.

तुझा
जालिंदरमामा

---

दौंड
१५ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि गुलालाशी आल्यावर हसू आवरेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, म्हणून मोठ्यानं वाचलं. आता अख्ख्या शाळेला तुम्ही माहीत आहात.

पुस्तक पुन्हा पाहिलं. व्याकरणाच्या तीन पुस्तकांत तेच आहे, मधमाशी म्हणजे अखंड उद्योग, तिला रिकामं बसणं माहीत नाही. अगदी परीक्षेत विचारतात. सकाळपासून धावपळ करणाऱ्या माणसाला कौतुकानं असं म्हणतात. आमच्या मुख्याध्यापकांनी माझ्या अहवालात हेच लिहिलंय, आणि खरं सांगते, मला ते आवडलं होतं.

तेव्हा पुस्तक चुकत नाही. तुमच्याच पेटीत कामचुकार भरलेत, मामा. तुमच्यासारखा साहेब लाभलाय, लावा शिस्त.

गोंडे आजीच्या वेळी असायचे तेवढे मोठे आलेत का? मी पाचवीत असताना तिनं मला गोंड्याचा वास घ्यायला लावला होता आणि मी दिवसभर शिंकत होते. ते बी जाऊ देऊ नका.

तुमची
सुलक्षणा

---

न्हावरे
२७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.४०

चि. सुलक्षणा,

तुझ्या पत्राप्रमाणे कारवाई केली आहे. पेट्यांना शिस्त लावली आहे. तपशील नंतर कळवतो. मुलांना सांग, माश्या कामात आहेत.

हवा तापू लागली आहे. इकडे सर्व ठीक.

मामा

(याच पाकिटात वहीचा फाडलेला कागद)

सुलक्षणे, मामी लिहितीय. पाकीट बंद करून ह्यांनी बाळासोला द्यायला माझ्याकडं दिलं, ते मी वाफेवर उघडलंय. तुझा मामा सारं झाकून लिवतोय.

सोमवारी ह्यांनी गोवरीचा धूर केला आन् आतल्या सगळ्या माश्या कुंच्यानं झाडून बाहेर काढल्या. मग दाराला खिडकीची जाळी ठोकली. आठ वाजता गेट बंद, पाच वाजता उघडायचं म्हंजी कुणी मधीच येऊन बसायला नको. तिन्ही पेट्यांना. मी म्हनलं, करिश्मानं हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय. तर म्हनले, सुलक्षणानं इंग्रजी पुस्तकात बघितलंय.

भरून आलेल्या माश्या दुपारी दाराशी ढीग करून बसल्या. काल दोन नंबरचं पोळं आत तापून लवलं, मेणाचा वास सुटला. आन् आत्ता, ह्यांनी पाकीट दिल्यावर, दोन नंबरच्या सगळ्या माश्या उठून गेल्या. विहिरीवरच्या बाभळीला लोंबत्यात. बाकीच्या दोन पेट्यांतल्या बाहेर पडंनात. गोंडे अजून पंधरा दिवसांचे हायेत.

हे बाभळीखाली टोपी काढून उभे हायेत. रिटायर झाल्यापासून ह्यांना बसवत न्हाई बघ. सैपाकघरात पण तक्ता लावलाय, चहा सहा पन्नास. मी करिश्माला फोन केलाय. तू येऊ नको, तुझ्या परीक्षा हायेत.

सोजरामामी

---

दौंड
२८ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

पाकिटात दुसरा कागद होता. मामीवर रागावू नका, तिनं कळवलं ते बरं केलं.

चूक माझी आहे. 'लावा शिस्त' हे मी गमतीत लिहिलं. तुम्ही माझ्या शब्दावर चालता हे मला कळायला हवं होतं. लहानपणी मी म्हटलं की पाऊस येणार, तर तुम्ही खळ्यावरची ज्वारी झाकायचात.

काल रात्रीपासून एकच विचार करतेय, की ती उपमा माणसानं माणसासाठी केलीय. धावपळ करणारी शेजारीण दिसली की म्हणायची, एवढाच तिचा उपयोग. ती करताना कुणी पेटी उघडून पाहिली नसणार. आणि मी ती पेटीवर नेऊन चिकटवली, वर सही करून.

आजीचा कांदा माझ्या एका विनोदापायी गेला तर मला ते आयुष्यभर लागेल. करिश्मा आली का? माश्या परतल्या का? मी रविवारी येऊ का? नुसतं 'ये' एवढं लिहा.

सुलक्षणा

---

न्हावरे
९ मार्च २०२५, सकाळी ६.४०

चि. सुलक्षणा हिस आशीर्वाद.

'ये' लिहिलं नाही कारण मला तुला तोंड दाखवायचं नव्हतं. आता सगळं लिहितो.

करिश्मा त्याच दिवशी चार वाजता आली. आल्या आल्या तिन्ही जाळ्या उपटल्या आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिवस कलल्यावर बाभळीला शिडी लावली, गोणपाटात घोळका झेलला आणि कोऱ्या पेटीत सोडला. मग पेट्या आंब्याच्या सावलीत हलवल्या, शेजारी पाण्याचं पातेलं ठेवलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, पण ती बांधावर बसली आणि लहान पोराला समजवावं तसं समजावलं. मोठ्यानं, कारण मामीनं तिला माझ्या कानाचं सांगितलं होतं.

माशी जन्मली की आधी घर झाडते. मग पिल्लांना भरवते. मग मेण करते, पोळं बांधते. मग दाराशी राखण. बाहेर जाते ती शेवटी, म्हातारपणी, आणि दोन-तीन आठवडे उडून बाहेरच मरते. ऊन वाढलं की आतल्याच पंख हलवून पोळं गार ठेवतात. आणि काही खरोखरच बसून असतात, कुणी कमी पडलं तर उठायला. करिश्मा म्हणाली, "मामा, तुम्ही ज्यांच्यावर गुलाल टाकला त्या लेकरं सांभाळत व्हत्या. त्यांनाच तुम्ही कामावरनं काढलं."

ती गेल्यावर तुझी मामी माझ्या डाव्या कानाशी आली, त्यात अजून थोडं ऐकू येतं. आरडाओरडा केला नाही तिनं. म्हणाली, "तुमच्या गेटातनं मी कवाच आत-बाहेर केलं न्हाई. म्हणून माझी हजेरी लागलीच न्हाई."

सुलक्षणा, मी चोवीस वर्षं दाराशी बसलो. दारातून जो जाताना-येताना दिसला तो कामाचा, असं धरून चाललो. त्या इंग्रजानंही पेटी दारातूनच पाहिली असणार. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. त्याच्या म्हणण्यानं काही बिघडलं नाही, मी जाळी ठोकली म्हणून बिघडलं. तू स्वतःला दोष देऊ नकोस. पंधरा फेब्रुवारीच्या आधीच जाळीचं माप मी घेऊन ठेवलं होतं, तुझ्या पत्राचं निमित्त झालं. हे आजवर मामीलाही सांगितलेलं नाही.

आता बियाचं. पहिला आठवडा गोंड्यांवर एक माशी नव्हती. करिश्मानं सांगितल्याप्रमाणे मी आणि मामी सकाळी नऊ ते अकरा सरीतून चालतो. तळहात एका गोंड्यावरून हलके फिरवायचा, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. माशीचं काम हातानं. पहिल्या दिवशी मी सरीला किती मिनिटं लागतात ते मोजलं. मामीनं माझं घड्याळ काढून आंब्याच्या फांदीला अडकवलं. मामीच्या हाताला कांद्याचा वास येतो, माझ्याही. आई असताना आम्ही दोघं एकदम रानात कधी असायचो नाही, मामी घरात, मी कंपनीत.

परवापासून एक आणि तीन नंबरच्या माश्या पुन्हा निघायला लागल्यात. दोन नंबर अजून आतच आहे. बी धरेल का, सांगता येत नाही. उत्तर परतीच्या गाडीनं पाठव.

मामा

---

दौंड
१६ मार्च २०२५

ती. मामा आणि मामी,

मामा, तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग मामीचं वाक्य घरात मोठ्यानं वाचलं. आमच्याकडे ताटं उचलायला बापलेक एकदम उठले. किती दिवस टिकतं बघू.

शाळेत उपमा शिकवली. पुस्तकातला अर्थ आधी सांगितला, फळ्यावर लिहिला, वाक्यात उपयोग करून घेतला, कारण परीक्षेत तोच विचारणार. 'दिवाळीत आई मधमाशीसारखी कामात असते' असं वाक्य अकरा जणांनी लिहिलं. मग पुस्तक मिटलं आणि तुमचं नऊ मार्चचं पत्र वाचलं. मोजमापाची ती एक ओळ गाळली, घाबरू नका. मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू यावं म्हणून पोरांनी पंखे बंद करायला लावले.

शेवटी अपेक्षा नावाची मुलगी उठली. एरवी ती बोलत नाही. तिची आई घरी असते, वडील कुरकुंभला रात्रपाळीला. तिनं विचारलं, "बाई, मग आत बसणाऱ्या माशीची उपमा काय?" मी तीन पुस्तकं पाहिली, मामा. नाही सापडली. तिला सांगितलं, मामांना विचारते.

मुख्याध्यापकांना काल जाऊन सांगितलं की पुढच्या वर्षी स्नेहसंमेलन आणि शिष्यवृत्तीचे तास दोन्ही मला जमणार नाही, एकच घेते. ते म्हणाले, ठीक आहे. इतक्या सहज ठीक होतं हे आधी कळलं असतं तर.

दोन नंबरचं काय झालं? गोंड्यांत बी दिसतंय का?

तुमची
सुलक्षणा

---

न्हावरे
४ मे २०२५

चि. सुलक्षणा हिस मामा-मामीचे आशीर्वाद.

तुझ्या पत्राला दीड महिन्यानं उत्तर देतोय. बी हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दोन नंबरच्या माश्या अकरा मार्चला बाहेर पडल्या. दुपारी मी पाण्याच्या पातेल्याशी बसलो होतो, तर एक येऊन काठावर बसली, पाणी प्यायली आणि गोंड्यांवर न जाता परत आत गेली. आधीचा मी असतो तर वहीत लिहिलं असतं. आता कळतं, ती घर गार करायला पाणी नेत होती. त्यानंतरचे सहा-सात दिवस गोंडे नुसते गुणगुणत होते, असं मामी म्हणते. मला ऐकू आलं नाही, पण मी गोंड्याच्या देठाला बोट लावलं की थरथर कळायची.

मागच्या आठवड्यात काढणी झाली. गोंडे वाळवले, चोळले, मामीनं पाखडले. आम्ही दोघांनी हात फिरवला त्या सऱ्यांत बी विरळ आहे. शेवटी फुललेल्या, माश्यांनी केलेल्या सऱ्यांत ठासून भरलंय. एरवी धरलं असतं त्याच्या पाव भागच आलं, पण आलंय ते काळं, टपोरं, पाण्यात टाकलं की तळाला जातं. एका एकराचं रोप निघेल. तुझ्या आजीचा कांदा राहिला, सुलक्षणा. मला फार आनंद झाला आहे. मी मामीपुढे रडलोही, तेही लिहून टाकतो.

करिश्मा पेट्या घेऊन दौंडकडे खरबुजाच्या मळ्यात गेली. दोन नंबर मात्र तिनं आमच्याकडे ठेवली, मामीच्या नावावर. मला झाकण उघडायची परवानगी नाही. मी शेजारी बसतो.

हजेरीबुकात माश्यांची नऊ पानं भरली होती, ती तशीच ठेवली. दहाव्या पानावर मामीचं नाव लिहिलं आणि लग्नापासूनची वर्षं मांडून सगळीकडे हजर लावली. तिला दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "खाडं किती?" एकही नाही म्हटलं. तर म्हणाली, "माहेरी गेले व्हते त्याचं लावा की. खोटं नगं." मग बाळंतपणाच्या दोन वेळा आणि भावाच्या लग्नाचे चार दिवस लाल शाईनं लावले. सैपाकघरातला तक्ता काढून त्याच्या पाठीवर तिनं पापड वाळत घातलेत.

अपेक्षाला निरोप दे. आत बसणाऱ्या माशीची उपमा पुस्तकात नाही, म्हणून आम्ही इथंच केली. 'अ‍ॅज बिझी अ‍ॅज सोजराबाई.' परीक्षेत लिहू नको म्हणावं, मार्क जातील. घरी आईला म्हणून बघ म्हणावं, फक्त तिच्या आईचं नाव घालून.

पाकिटात पुडी आहे. मूठभर बी तुझ्यासाठी काढलंय, शाळेच्या वाफ्यात टाक. एकाच ठिकाणी ठेवायची चूक आता करायची नाही.

आज सकाळपासून काही केलेलं नाही. आंब्याखाली बसलो होतो, मामी शेजारी शेंगा फोडत होती, पेटी तिच्या कामात होती.

बी पोचल्याचं सवडीनं कळव. घाई नाही.

तुझा
मामा